सॅम्पल फ्लॅटमध्ये कपडे कुठे वाळतात?

इमारतीचा पाया पुरता भरायच्या आत सॅम्पल फ्लॅट तयार असतो. शनिवार-रविवारी वाकड-बाणेरला नाहीतर ठाण्याच्या घोडबंदर रोडला माणसं सहकुटुंब तो बघायला जातात. आत गार हवा, बेडवर सहा उशा, डायनिंग टेबलावर चार जणांची पानं मांडलेली आणि टोपलीत प्लॅस्टिकची सफरचंदं. जे नसतं त्याची यादी जास्त लांब आहे. गॅसचा सिलिंडर नसतो, कचऱ्याचा डबा नसतो, दप्तरं, ओले टॉवेल, इस्त्रीच्या कपड्यांचं गाठोडं, आजोबांची औषधं, रद्दी, यातलं काही नसतं. पुष्कळदा आतल्या खोल्यांना दारंसुद्धा नसतात, कारण दार उघडायचं म्हणजे तीन फुटांची जागा गेली. बेड नेहमीच्या मापापेक्षा जरा आखूड असतो आणि वॉर्डरोबची खोली कमी धरलेली असते. भिंतभर आरसा तर हमखास.

सॅम्पल फ्लॅट विकण्यासाठीच असतो, त्यामुळे त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. घोटाळा होतो तो चावी हातात आल्यावर. घर घेणारा तेच चित्र डोक्यात ठेवून, वर मोबाइलवर साठवलेले पाच-पन्नास फोटो जोडून, इंटिरिअरवाल्याकडे जातो. फोटोत फोडणीचा वास येत नाही, पावसाळा लागत नाही, आणि गुडघेदुखीची आजी राहायला येत नाही. घरातल्या बहुतेक चुकांचं मूळ इथेच सापडतं. ठरवताना फक्त डोळ्यांना विचारलं जातं, आणि पुढची वीस वर्षं घर वापरायचं असतं ते हातांना, कोपरांना, गुडघ्यांना आणि नाकाला.

हे फक्त आपल्याकडे किंवा फक्त हौशी लोकांकडूनच होतं असंही नाही. १९५१ साली अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या प्लेनो गावाजवळ, फॉक्स नदीच्या काठी, मीस व्हॅन डर रोह या नामवंत वास्तुरचनाकाराने शिकागोच्या डॉ. एडिथ फार्न्सवर्थ यांच्यासाठी एक घर पुरं केलं. पांढरे पोलादी खांब, चारही बाजूंनी काच, आत जवळजवळ भिंतीच नाहीत. वास्तुकलेच्या पुस्तकांत ते आजही मानाच्या पानावर असतं. राहणाऱ्या बाईंचा अनुभव वेगळा होता. उन्हाळ्यात घर तापायचं, हिवाळ्यात काचांवर पाणी धरायचं. कपड्यांच्या कपाटासाठी त्यांना वाद घालावा लागला. सिंकखाली कचऱ्याचा डबा ठेवायचीही चोरी, कारण स्वयंपाकघर रस्त्यावरून दिसायचं. खर्चावरून बिनसलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. आपल्या टू बीएचकेला मीसची प्रतिभा लाभलेली नसते, गैरसोय मात्र तीच लाभते.

सुरुवात स्वयंपाकघरापासून करावी लागते, कारण घरातल्या चुकांची किंमत सर्वांत जास्त तिथे मोजली जाते आणि ती मोजणारी व्यक्ती बहुधा एकच असते.

स्वयंपाकघराचा शास्त्रशुद्ध विचार करायचा एक मोठा प्रयत्न १९२६ साली जर्मनीत झाला. पहिल्या महायुद्धानंतर फ्रँकफर्टमध्ये घरांची टंचाई होती आणि नगरपालिका कामगारांसाठी वसाहती बांधत होती. त्या घरांचं स्वयंपाकघर आखायचं काम मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की या तरुण वास्तुरचनाकार बाईंकडे आलं. रेल्वेच्या डायनिंग कारमधला भटारखाना त्यांच्या डोळ्यांसमोर होता, इतक्याशा जागेत दोन माणसं कितीतरी प्रवाशांचं जेवण काढतात! कोणत्या कामाला किती पावलं आणि किती वेळ लागतो याचा हिशेब करून त्यांनी १.९ मीटर बाय ३.४ मीटरची खोली आखली, म्हणजे साधारण सव्वासहा फूट बाय अकरा फूट. पुण्या-मुंबईतल्या आजच्या फ्लॅटचं किचन याहून फार मोठं नसतं. पिठाचे खण ओकच्या लाकडाचे, कारण त्यातल्या टॅनिनमुळे पिठात अळ्या होत नाहीत असा अनुभव होता. छतावरचा दिवा रुळावरून हवा तिथे सरकवता यायचा, भाजी बसून चिरता यावी म्हणून फिरतं स्टूल होतं. अशी सुमारे १० हजार स्वयंपाकघरं फ्रँकफर्टमध्ये बसली. आज ज्याला मॉड्युलर किचन म्हणतात त्याची ही आजी.

तिच्यातही चुका निघाल्याच. दोघं एका वेळी उभी राहू शकत नव्हती. डाळ-तांदळाचे खण इतके खाली होते की पोरांना खेळायला आयतेच सापडले. पण निदान काम करणाऱ्या हातांचा विचार आधी झाला होता. आपल्याकडे मॉड्युलर किचन आलं ते त्याचं चकचकीत तोंड घेऊन. मोजमाप मागेच राहिलं.

ओट्याची उंची घ्या. उभं राहून काम करताना ओटा दुमडलेल्या कोपरापासून चार ते सहा इंच खाली असावा, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. पाच फूट उंचीच्या बाईचं कोपर जमिनीपासून सदतीस-अडतीस इंचांवर येतं, म्हणजे ओटा ३२ ते ३४ इंचांचा हवा. युरोपात तो ३६ इंचांच्या आसपास असतो, कारण तिथली माणसं उंच आणि तिथे रोज वीस पोळ्या लाटायच्या नसतात. पोळी लाटताना वरून भार द्यावा लागतो. ओटा दोन इंच जरी उंच झाला तरी खांदे वर उचलले जातात आणि संध्याकाळपर्यंत मान धरते. शिवाय ओट्यावर शेगडी येते, तिची चार-पाच इंच उंची, त्यावर पातेलं. आमटी ढवळायची ती जवळजवळ छातीच्या पातळीवर. जुने गवंडी गॅसपुरता ओटा चार इंच खाली घेत. तो खालीवर ओटा आता गावठी दिसतो म्हणून कुणी करत नाही. मग निदान ओट्यात खोबणी कापून शेगडी बसवावी, पण तेही बहुतेकदा दिसायला बरं म्हणूनच केलं जातं आणि फायदा चुकून पदरात पडतो.

आता भांडी. मराठी घरातल्या भिंतीवर स्टीलची मांडणी असायची. ताटं उभी, वाट्या पालथ्या, पेले रांगेत, डाव आणि झारे आकड्यांना लटकवलेले. मावशींनी भांडी घासली की ती तशीच ओली मांडणीत जायची. पाणी खाली ठिबकायचं आणि वाऱ्याने भांडी कोरडी व्हायची. पुसायचं काम नाही. नव्या किचनमध्ये मांडणी नको असते, सगळं बंद हवं असतं. मग ओली ताटं ट्रॉलीत जातात. ट्रॉलीला हवा लागत नाही, खालच्या ट्रेमध्ये पाणी साठतं, प्लायच्या कडा फुगतात, लॅमिनेट सुटतं आणि अंधाऱ्या दमट जागेत झुरळांचा संसार थाटला जातो. यावर उपाय म्हणून सिंकशेजारी प्लॅस्टिकची जाळीची टोपली येते आणि कायमची राहते. लाखभर रुपये देऊन ओट्यावरचा जो कोपरा मोकळा करून घेतला, तो त्या टोपलीने पुन्हा अडवलेला असतो. सिंकच्या वरच्या कपाटाला तळ न ठेवता स्टीलची जाळी बसवली, तर पाणी थेट सिंकमध्ये पडतं आणि समोरून दार लावून सगळं झाकताही येतं. काही सुतार सांगितलं तर हे करून देतात, आपण होऊन सुचवत नाहीत.

फ्रिजची गोष्ट तर दर दुसऱ्या घरात सारखी. फ्रिजचं माप घेऊन त्याला नेमका बसेल असा कोनाडा सोडलेला असतो, एका बाजूला भिंत. फ्रिज आत सरकतो, सगळे खूश. संध्याकाळी मेथी ठेवायला दार उघडावं तर ते भिंतीला टेकून काटकोनातच थांबतं. आतला भाजीचा खण बाहेर यायला दार त्याहून जास्त उघडावं लागतं, कारण खण दाराच्या आतल्या फुगवट्याला अडतो. मग खण तिरका करून, एका हाताने दार रेटून, कोथिंबीर चिमटीने काढायची. भिंतीकडे दोन-तीन इंच जास्त सोडले असते तर हे टळलं असतं. कोपऱ्यातल्या ट्रॉल्यांचंही असंच, एकीचं हँडल दुसरीला अडतं. कागदावरच्या आराखड्यात सगळे खण बंद असतात, त्यामुळे ही टक्कर दिसत नाही.

वास्तुशास्त्राच्या आग्रहाखातर शेगडी जागा बदलते आणि थेट खिडकीसमोर जाते, ही आणखी एक नेहमीची बाब. पूर्वेकडे तोंड झालं हे खरं. पण वाऱ्याची झुळूक आली की ज्योत फडफडते आणि ती टिकवायला खिडकी लावून घ्यावी लागते. म्हणजे स्वयंपाक चालू असताना, नेमकी हवी तेव्हा, खिडकी बंद.

ओपन किचनबद्दल दोन्ही बाजूंनी बोलता येतं. स्वयंपाक करणारं माणूस एकटं पडत नाही, दिवाणखाना मोठा वाटतो, हे फायदे खोटे नाहीत. पण लाल मिरच्यांची फोडणी, सुकट किंवा बोंबील भाजणं, चकल्या तळणं या गोष्टी ज्या घरात नेमाने होतात तिथे सोफ्याचं कापड आणि पडदे तेलकट होणार हे धरून चालावं. चिमणी लावली की प्रश्न मिटला असं समजतात. चिमणीचा धूर पाइपातून बाहेर गेला तरच ती कामाची. पाइप जितका लांब आणि जितकी वळणं जास्त, तितका ओढा कमी. पाइप नसलेली, हवा गाळून परत खोलीतच सोडणारी चिमणी तेल थोडंफार धरते, उष्णता आणि वाफ तिथेच राहतात. सरकतं काचेचं दार बसवून हवं तेव्हा किचन बंद करता आलं, तर दोन्ही साधतं.

ओट्यावर पांढरा संगमरवर घालण्याचा मोह मात्र आवरावा. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. लिंबू, चिंच, कोकम, ताक यांतल्या आम्लाची त्याच्याशी रासायनिक क्रिया होते, पॉलिश खाल्लं जातं आणि तिथे मुका डाग उरतो, तो पुसून जात नाही. हळदीचं तर विचारूच नका. कडाप्पा हाही चुनखडीचाच दगड, पण रंगाने काळा आणि अंगाने ओबडधोबड असल्यामुळे त्याने तीन पिढ्या सगळं पोटात घातलं. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार असतात, त्यांना लिंबाचं काही वाटत नाही.

किचनमधून बाहेर येऊन वर बघितलं की फॉल्स सीलिंग.

राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर, म्हणजे नऊ फूट, असावी असं राष्ट्रीय बांधकाम संहिता सांगते. वातानुकूलित खोलीला २.४ मीटर चालते. आपल्या फ्लॅटमध्ये जमिनीपासून छतापर्यंत साधारण साडेनऊ फूट मिळतात. त्यात पीओपीचं छत आठ-दहा इंच खाली आलं की उंची संहितेच्या आकड्याच्याही खाली जाते. खोली बुटकी वाटते हे एक, पण खरा मार पंख्याला बसतो. पंखा वरची हवा ओढून खाली फेकतो. त्यासाठी पाती आणि छत यांच्यात निदान फूटभर मोकळी जागा लागते. पाती जमिनीपासून आठेक फुटांवर हवीत, नाहीतर चादर झटकताना हात लागायचा. छत खाली आणलं की या दोन अटी एकत्र बसत नाहीत, मग पंख्याची दांडी कापून तो छताला चिकटवतात. आता तो पूर्ण वेगाने फिरतो, आवाज करतो आणि वारा देत नाही. मग एसी येतो. एका सजावटीपायी घराचं वीजबिल कायमचं वाढतं. एवढं करून सगळं छत झाकायची गरजच नसते. वायरी लपवायच्या आणि चार दिवे बसवायचे एवढाच हेतू असेल तर भिंतीलगत दीड फुटाची पट्टी पुरते, मधलं छत पंख्यासाठी मोकळं राहतं.

दिव्यांच्या बाबतीत गेल्या दहा-बारा वर्षांत फार मोठा बदल झाला आणि घरांना तो अजून पचलेला नाही. निळ्या एलईडीच्या शोधाबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यानंतर आपल्याकडे एलईडी झपाट्याने स्वस्त झाला आणि ९ वॅटचा दिवा घरोघरी पोहोचला. जुना पिवळा बल्ब सुमारे २७०० केल्विनचा प्रकाश द्यायचा. दुकानात न विचारता हातात पडतो तो पांढरा एलईडी ६५०० केल्विनचा, म्हणजे ढगाळ दुपारच्या उजेडासारखा. भाजी निवडायला, अभ्यासाला तो उत्तम. बेडरूममध्ये रात्री दहा वाजता तोच लावला की खोलीला दवाखान्याची कळा येते, आणि निळसर प्रकाश झोपेच्या वेळी शरीराला दिवस असल्याचा भास देतो. याच्या उलट चूकही होते. हॉटेलात छान दिसतं म्हणून सगळीकडे पिवळे मंद दिवे लावायचे आणि मग मुलीला होमवर्क करायला बाथरूमच्या आरशासमोरची जागा सोडून उजेडाचं ठिकाण नाही.

दिवा किती आहे यापेक्षा कुठे आहे हे महत्त्वाचं. किचनच्या मधोमध छताला एक दिवा असेल तर ओट्याशी उभ्या माणसाच्या पाठीवर उजेड पडतो आणि विळीवर किंवा चॉपिंग बोर्डावर त्याचीच सावली. वरच्या कपाटाच्या तळाला साधी पट्टी लावली की काम झालं. बेडच्या बरोब्बर वर बसवलेले गोल स्पॉटलाइट हा आणखी एक नमुना. खोलीत उभं राहून बघणाऱ्याला ते सुरेख दिसतात, पाठीवर पडलेल्याच्या डोळ्यांत घुसतात. बेडरूम उभ्याने बघायची खोली नाही, हे आराखडा करणाऱ्याच्या लक्षात राहत नाही.

नव्या उंच इमारतींच्या बाबतीत एक गोष्ट आधीच कळायला हवी. यातल्या पुष्कळ इमारती ‘मायवान’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीने, ॲल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून बांधतात. तिथे आतल्या भिंतीही विटांच्या नसून काँक्रीटच्या असतात आणि इमारतीचा भार पेलतात. ‘इथला प्लग पॉइंट जरा तिकडे घ्या’ हे विटांच्या भिंतीत छिन्नी-हातोड्याचं काम, इथे ते करूच नये. म्हणून बेडच्या मागे लपलेलं स्विचबोर्ड, मिक्सरपासून चार फुटांवर असलेला १६ अँपिअरचा सॉकेट, या चुका जन्मभराच्या ठरतात आणि घरभर एक्स्टेंशन बोर्ड लोळत राहतात. फर्निचर कुठे येणार हे बिल्डरने बोर्ड ठरवण्याआधी ठरलेलं नसतं. बोर्ड ठरल्यावर निदान फर्निचरने त्यांच्याकडे बघून जागा घ्यावी.

वारा हा विषय पूर्वीच्या घरांना न शिकवता कळत होता. वाड्यांच्या आणि चाळींच्या सागवानी खिडक्यांना खालची आणि वरची अशी वेगळी झडपं असत. खालची लावून घेतली की आत बसलेलं माणूस रस्त्यावरून दिसत नसे, वरची उघडी ठेवली की गरम हवा वरून निघून जाई. आजची दोन काचांची सरकती ॲल्युमिनियमची खिडकी पूर्ण उघडली तरी अर्धीच उघडते, एक काच दुसरीमागे उभी राहते. सहा फुटांची खिडकी म्हणजे वाऱ्यासाठी तीन फूट. बांधकाम संहिता कोकणासारख्या दमट-उष्ण हवेत खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश इतकी खिडकी मागते, कोरड्या-उष्ण भागात एक दशांश. कागदावर ती भरते आणि मग तिच्यासमोर वॉर्डरोब उभा राहतो किंवा सोफ्याची उंच पाठ येते.

बाल्कनी आत घेणं हा तर राष्ट्रीय छंद आहे. खोली चार फुटांनी वाढते, हे दिसतं. बाल्कनी काय अडवत होती, ते दिसत नाही. मुंबईत पश्चिमेकडून वारा येतो, तसंच दुपारचं ऊन आणि पावसाचा मारा हेही पश्चिमेकडूनच येतात. चार्ल्स कोरिया यांनी कंबाला हिलवर कांचनजंगा ही ३२ फ्लॅटची इमारत उभारली, ती १९८३ मध्ये पुरी झाली. तिच्या कोपऱ्यांतल्या दोन मजली उंचीच्या खोल गच्च्या शोभेच्या नाहीत. जुन्या बंगल्याच्या व्हरांड्यासारखं ऊन-पाऊस त्यांनी बाहेरच अडवायचा आणि वारा आत सोडायचा, असा तो विचार. साध्या फ्लॅटची चार फुटांची बाल्कनी हेच काम लहान प्रमाणात करते. ती काच लावून आत घेतली की ऊन थेट दिवाणखान्याच्या फरशीवर येतं. पावसाळ्यात सरकत्या खिडकीच्या पन्हाळीतून पाणी आत येतं ते वेगळंच.

आणि कपडे? पुण्याच्या फ्लॅटला किचनलगत ‘ड्राय बाल्कनी’ असते. नाव ड्राय, काम सगळं ओलं. वॉशिंग मशीन तिथे, भांडी घासणाऱ्या मावशी तिथे, छताला टांगलेल्या पाइपांवर कपडे तिथे. घराच्या जाहिरातीत या जागेचा फोटो कधीच नसतो, आणि खरं घर तिथेच चालतं. ती बंद करून तिथे स्टोअररूम किंवा देवघर केलं की जुलैत चार दिवस जीन्स वाळत नाही. मग दिवाणखान्यात पंख्याखाली घडीचा स्टँड उघडतो. हजारो रुपयांच्या डिझायनर भिंतीसमोर बनियन आणि मोजे लटकतात. चपलांचं दारबंद कपाट हीही अशीच एक पावसाळी चूक. ओल्या सँडल आत गेल्या की आठवड्यात बुरशी. दाराला जाळी हवी, नाहीतर निदान फटी.

फर्निचरकडे वळण्याआधी थोडं गणित. रेरा कायद्याने २०१६ मध्ये कार्पेट एरियाची व्याख्या पक्की केली. बाल्कनी त्यात धरत नाहीत, पण घराच्या आतल्या भिंतींची जाडी धरतात. म्हणजे कागदावरच्या ६०० चौरस फुटांतले काही भिंतींच्या पोटात गेलेलेच असतात. उरलेल्यात आठ फूट लांब आणि दोन फूट खोल वॉर्डरोब ठेवला की १६ चौरस फूट गेले. दर चौरस फुटाला २० हजार भाव धरला तर ती जागा ३ लाख २० हजारांची. कपाटापेक्षा त्याखालची फरशी महाग! दोन फूट खोली लागते ती हँगरसाठी, शर्ट आडवा मावायला. घडीच्या साड्या, चादरी, मुलांचे कपडे यांना पंधरा इंच पुरतात. दोन फूट खोल फळीवर साड्यांच्या दोन रांगा लागतात आणि मागच्या रांगेतली पैठणी पुढच्या लग्नापर्यंत कुणाला दिसत नाही. पूर्वी भिंतीतलं फडताळ हातभरही खोल नसायचं, पण त्यात काय आहे ते एका नजरेत कळायचं.

सोफ्याबद्दल थोडक्यात. दुकान गोदामाएवढं असतं, तिथे प्रत्येक सोफा लहान वाटतो. वाटेला तीन फूट, सोफा आणि टीपॉयमध्ये दीड फूट, एवढं सोडून जे उरेल ते सोफ्याचं माप. घरी जमिनीवर खडूने चौकोन आखून दोन दिवस त्याच्या कडेने चालून बघितलं की उत्तर मिळतं. लिफ्टचं मापही त्याच वेळी घ्यावं.

घर नवं करून झाल्यावर काही जणांच्या लक्षात येतं की आता टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो, आणि दोन माणसं एकदम बोलली की कलकलाट होतो. कारण ऐकण्यासारखं आहे. १८९५ मध्ये हार्वर्डच्या फॉग संग्रहालयातल्या नव्या व्याख्यानगृहात बोललेलं कुणाला समजेना. शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाने शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री तिथे आणल्या आणि किती गाद्या ठेवल्या की घुमणं किती कमी होतं हे मोजलं. त्यातून ध्वनिशास्त्राचं एक मूलभूत सूत्र निघालं. मऊ, सच्छिद्र वस्तू आवाज पितात, कठीण गुळगुळीत पृष्ठभाग तो परत फेकतात. आता आपल्या दिवाणखान्याकडे बघा. खाली चकचकीत व्हिट्रिफाइड, समोर काच, बाजूला लॅमिनेटचं टीव्ही युनिट, गादी-लोड गेले, सतरंजी गेली, जाड पडद्यांच्या जागी ब्लाइंड्स. आवाज प्यायला घरात काही उरलंच नाही. एक जाड पडदा आणि भिंतीवर टांगलेली आजीची गोधडी, एवढ्यानेही फरक कानाला कळतो.

तीच चकचकीत फरशी न्हाणीघरात गेली की विषय गंभीर होतो. टाइल घसरडी किती, याचं जर्मन मानकात आर ९ ते आर १३ असं मापन आहे. आकडा जितका मोठा तितकी पकड जास्त. चांगल्या दुकानात टाइलच्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकात तो मिळतो, विचारावा लागतो एवढंच. बाथरूमची फरशी दिवाणखान्याच्या टाइलशी ‘मॅच’ करायच्या नादात तो विचारला जात नाही. मोठ्या टाइल घालायची हौस असते, पण नहाणीच्या जाळीकडे उतार द्यायचा तर लहान टाइल बऱ्या, त्या चारही बाजूंनी वळवता येतात. दोन बाय चारची टाइल वळत नाही, मग कोपऱ्यात पाणी साचतं आणि कुणीतरी खराटा घेऊन ते रोज ढकलत बसतं.

म्हातारपणी धरायच्या दांड्याचा निर्णयही टाइल लावण्याआधीच घ्यावा लागतो. दांडा माणसाचा सगळा भार घेतो. त्यामागची भिंत भरीव आहे का, आतून पाण्याचा पाइप तर गेलेला नाही ना, हे टाइल लागल्यावर कळत नाही आणि ड्रिल नेमकं पाइपात शिरतं. प्लंबरने पाइप टाकले की प्लास्टर होण्याआधी भिंतीशेजारी मोजपट्टी धरून मोबाइलवर चार फोटो काढून ठेवावेत. त्याला खर्च शून्य, आणि दहा वर्षांनी कमोडशेजारी दांडा बसवायला माणूस येईल तेव्हा भोक कुठे पाडायचं हे त्याला त्या फोटोंवरून दाखवता येईल.